मागच्या चाकांचा निग्रह

कठोपनिषदातल्या रथाला ब्रेक नाही. शरीर हा रथ, आत्मा आत बसलेला मालक, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं घोडे आणि विषय हे घोड्यांपुढचे रस्ते. सगळं जागच्या जागी लावलेलं आहे, फक्त चाक थांबवायची सोय कुठे दिसत नाही. तशी गरजही वाटली नसावी. ओढणारेच थांबले तर ओढलं जाणारं कुठे जाईल? आमच्या गावच्या सप्ताहात बुवांनी हे रूपक दोन तास रंगवलं. लोक माना डोलवत होते. मी टाळ मांडीवर ठेवून एकाच विचारात अडकलो होतो. रथात पावणेदोन टन तांदूळ भरलाय, इगतपुरी मागे पडलीय आणि समोर कसारा घाटाचा उतार आहे. आता घोडे थांबायचं म्हणाले तरी रथ त्यांना थांबू देईल का?

माझा धंदा ब्रेकचा. घोटीत महामार्गाला लागून शेड आहे. पिकअपच जास्त येतात: बोलेरो, योधा, दोस्त, छोटा हत्ती. आमच्याकडचा तांदूळ, सिन्नरकडची भाजी, पिंपळगावचा टोमॅटो रात्री भरतात आणि पहाटेच्या आत कल्याण-वाशीला उतरवतात. गळ्यात माळ आहे, पौषातल्या वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला जातो, पोथी वाचतो. तरी निग्रह म्हणजे काय हे मला जे थोडंफार उमगलं, ते पोथीपेक्षा ड्रम उघडल्यावर. बुवांना हे बोलणं आवडत नाही. आमची दोस्ती मात्र जुनी आहे.

परवा गल्लीतलाच एक पोरगा नवी पिकअप घेऊन आला. पुढे डिस्क, मागे ड्रम, आपल्याकडे सहसा येते तशी. म्हणाला, ‘काका, मागे पण डिस्क बसवून द्या. अमेरिकेत पिकअपला चारही डिस्क असतात.’ मोबाइलवर बघितलेलं. खोटं नव्हतं ते. टोयोटाची टॅकोमा पिढ्यान्‌पिढ्या मागे ड्रम घेऊन धावली आणि 2024 च्या मॉडेलमध्ये तिलाही मागे डिस्क आली. मग आपणच का मागे, असा त्याचा सवाल. मी त्याला सांगितलं की ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, थांबवायचं मोठं काम पुढची चाकं करतात, म्हणून डिस्क पुढे. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकही सुटसुटीत बसतो आणि खर्चही कमी. त्याचं समाधान झालं नाही. होणारही नव्हतं, कारण त्याच्या डोक्यात प्रश्न वेगळाच होता. जो जास्त जोरात आवळतो तो भारी, असं त्याला वाटत होतं. माणसाच्या संयमाबद्दलही आपल्याला असंच वाटतं. कुणी किती दिवस उपाशी राहिला, कुणी काय काय सोडलं, यावर आपण त्याची उंची मोजतो.

ड्रममध्ये काय होतं ते बघण्यासारखं आहे. आत दोन लायनर असतात. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर दोघांना बाहेर ढकलतो. त्यातला एक असा बसलेला असतो की फिरणारा ड्रमच त्याला आपल्यासोबत ओढू बघतो आणि त्या ओढण्याने तो ड्रमवर आणखी घट्ट बसतो. पायाने थोडं दिलं, चाकाने त्यात स्वतःची भर घातली. चाक थांबतं ते बरंचसं स्वतःच्याच फिरण्याच्या जोरावर. दुसऱ्या लायनरच्या वाट्याला हे भाग्य नाही; ड्रम त्याला उलट मागे ढकलतो. गाडी रिव्हर्समध्ये घातली की दोघांच्या भूमिका बदलतात.

पहिल्यांदा हे नीट कळलं तेव्हा मला आमचे संतच आठवले. गोरोबा तेरला मडकी घडवत राहिले, सावतोबा अरणला मळ्यात राबत राहिले. ओढ मारून टाका असं त्यांनी सांगितलं नाही. ओढ आहे तर असू दे, ती विठ्ठलाकडे लावा, म्हणजे तिच्याच जोराने ती आवरली जाईल. प्रेम, राग, हट्ट, सगळं देवाला लावायचं. भक्तीत माणसाला फारसा जोर लावावा लागत नाही, तो याच कारणाने. आमच्यासारख्या दिवसभर तेलात हात घातलेल्या माणसांना ही वाट परवडते. ध्यानाला बसायला वेळ नाही आणि पायात तेवढा जोरही नाही.

डिस्कचं तसं नाही. उघडी चकती, दोन्ही बाजूंनी पॅड, मध्ये कसलीही मेहेरबानी नाही. जेवढं दाबाल तेवढंच मिळेल. पतंजलींनी योगाची व्याख्याच चित्तवृत्तींच्या निरोधाने केली आहे, तो निरोध मला असा दिसतो: सरळ, मोजका, उसनं काही न घेणारा. आणि डिस्क प्रामाणिकही आहे. पॅड किती उरलेत ते चाकाच्या फटीतून बॅटरी मारून दिसतं. पाणी आलं तर फेकून देते. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ही साधी गोष्ट नाही. ड्रममध्ये पाणी शिरलं की ते आत राहतं, आणि डबकं पार केल्यावर पहिल्या ब्रेकला ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो.

आता घाट. कसाऱ्यात रेल्वेची चढण साधारण 300 मीटरची. रस्ताही थोड्याफार फरकाने तेवढाच उतरतो. मालासकट तीन टनांची गाडी 300 मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे 88 लाख ज्यूल उष्णता कुठेतरी जिरवायला हवी. पंचवीस लिटर गार पाणी तेवढ्यात उकळेल. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ही सगळी आग चार चाकांच्या आत पेटते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापली तर जाड होते, पॅडच्या जवळच येते. आणि ड्रमचं ते कौतुक, चाकाच्या जोराने चाक आवरायचं, तेच इथे उलटतं. लायनर तापून त्याची पकड थोडी कमी झाली, तर चाकाकडून मिळणारी भरही त्याबरोबर कमी होते. नुकसान थोडं नसतं, गुणाकाराने होतं.

भक्तीचं हे दुखणं मी जवळून पाहिलंय. मृदंग तापला, गजर चढला, माणूस डोळे मिटून नाचतोय, त्या क्षणी त्याच्यासारखा विरक्त कुणी नाही. ज्या भावावर तो तरला होता तो भाव उद्या जरा ओसरला की सगळा संयम एकदम जातो, हळूहळू नाही. सप्ताह संपल्यावर आठ दिवसांत गावात भांडणं का वाढतात याचं उत्तर मला ड्रममध्ये सापडलं. बुवा म्हणतात, ती भक्ती कच्ची. असेल. पण तापेपर्यंत कच्ची आणि पक्की सारखीच दिसतात, हीच तर अडचण आहे.

म्हणून डिस्क श्रेष्ठ? तिचंही एक परावलंबन आहे. चाकाची मदत घेत नाही म्हणून तिला पायाचा जोर जास्त लागतो, आणि तेवढा जोर माणसाच्या पायात नसतो. मग बूस्टर आला. बूस्टरला लागतो व्हॅक्यूम, तो येतो चालू इंजिनच्या पंपातून. काही शहाणे डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडतात. दोन-तीनदा ब्रेक मारला की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. डिस्क ठणठणीत, पॅड नवे, तेल भरलेलं, आणि गाडी थांबत नाही. विवेकाच्या भरवशावर जगणाऱ्या माणसाला रोजचं वाचन, रोजचं बसणं, सत्संग का लागतो, ते या दगडी पेडलावर पाय ठेवलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. ज्ञान एकदा मिळालं म्हणून इंजिन बंद करता येत नाही.

जुने ड्रायव्हर या भानगडीतच पडत नाहीत. ज्या गियरवर चढायचं त्याच गियरवर उतरायचं, हा त्यांचा नियम. वेग वाढल्यावर आवरायचा नाही. वाढूच द्यायचा नाही. गीतेत तिसऱ्या अध्यायात निग्रहाने काय साधणार असं विचारलेलं आहे आणि सहाव्यात मन अभ्यासाने आणि वैराग्याने आवरतं असं सांगितलेलं आहे. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन गोष्टींवर पंडित खूप लिहितात. घाट उतरणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. ब्रेकने काय होणार, हा प्रश्न पाचव्या गियरमधल्या माणसाला आहे. दुसऱ्या गियरवर असलेल्याचा ब्रेक थंड राहतो आणि नेमक्या वळणावर कामाला येतो.

पण ड्रम की डिस्क यापेक्षा मला जास्त सतावतं ते मागच्या ॲक्सलवरचं एक छोटं यंत्र. त्याला आम्ही लोड व्हॉल्व्ह म्हणतो. बऱ्याच पिकअपना असतो. पिकअपची गोष्ट कारसारखी नाही. रिकामी असते तेव्हा हौद्यात हवा, मागची चाकं जेमतेम रस्त्याला टेकलेली. जोरात ब्रेक लागला तर ती जाम होतात आणि शेपूट फिरतं. भरली की तीच मागची चाकं बहुतेक ओझं वाहतात, तिथे भरपूर ब्रेक हवा. म्हणजे एकाच गाडीला सकाळी आणि संध्याकाळी वेगळा निग्रह लागतो. हे कोण ठरवणार? व्हॉल्व्हचा एक दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला की कमानीचे पाटे दबतात, गाडी खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांकडे जास्त दाब सोडतो. गाडी किती वाकली यावरून तो ओझं ओळखतो. इतकं साधं.

आता आपले लोक काय करतात? जास्त माल भरता यावा म्हणून कमानीत दोन पाटे वाढवून घेतात. गाडी दोन टनांनाही बसत नाही, ताठ उभी. मालक खूश. पण व्हॉल्व्हला ओझं कळायचा एकच मार्ग होता, वाकणं, आणि तोच बंद झाला. ओव्हरलोड गाडी त्याला रिकामी वाटते. तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. बहुतेक भार पुढच्या डिस्कवर येतो, त्या लाल होतात, आणि माझ्याकडे तक्रार येते की कंपनीचा ब्रेकच कमजोर आहे, मागे डिस्क टाका. त्या पोराच्या गाडीखाली मी झोपलो तेव्हा हेच दिसलं. गाडी नवी, पाटे मात्र वाढवलेले. मागे सोन्याची डिस्क टाकली तरी तिच्याकडे तेलाचा पुरेसा दाब जाणारच नव्हता.

निग्रहाबद्दल मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. ब्रेक कोणता आहे याआधी ओझं कळतंय का, हे बघायला हवं. आणि ते कळायचं असेल तर ओझ्याखाली थोडं वाकावं लागतं. घरात मृत्यू झाला, कर्ज झालं, पोरगी सासरहून परत आली, आणि माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही. त्याने पाटे वाढवून घेतलेत. लोक त्याला खंबीर म्हणतात. तो स्वतःही म्हणतो. त्याच्या आतल्या यंत्राला खबरच नाही की आज मागे दोन टन आहेत, आज जपून बोलायला हवं, आज दारूच्या दुकानावरून जायलाच नको. मग एका साध्या वळणावर गाडी जाते आणि लोक म्हणतात, एवढा संयमी माणूस! आपल्या धर्मग्रंथांत स्थितप्रज्ञाचं वर्णन मोठं सुंदर आहे, पण त्याची नक्कल करणारे बहुतेक जण मला पाटे वाढवलेले वाटतात. सुखदुःखाने न हलणं वेगळं आणि हलल्याचं न कळणं वेगळं. बाहेरून दोन्ही ताठच दिसतात.

याची दुसरी बाजूही आहे. इगतपुरीत धम्मगिरी आहे, 1976 पासून तिथे विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन करून परतणाऱ्या एका साहेबांची गाडी माझ्याकडे आली होती. चेहऱ्यावर खरोखर शांती. म्हणाले, आता राग येतच नाही. मी काही बोललो नाही. गाडी रिकामी होती त्यांची. मुंबईत पोचून माल भरला जाईल तेव्हा बघायचं. शिबिर चालवणाऱ्यांनाही हे माहीत असतं, म्हणून तर ते घरी रोज सकाळ-संध्याकाळ बसायला सांगतात. धम्मपदातसुद्धा खरा सारथी कोण याची कसोटी राग उसळलेला असतानाच लावलेली आहे, रथ भरधाव सुटलेला असताना. तबेल्यात उभ्या रथावर ती लागत नाही.

घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचं मंदिर आहे. खाली उतरण्याआधी कितीतरी ड्रायव्हर तिथे गाडी बाजूला घेतात, नारळ फोडतात, निदान हात जोडतात. शिकलेली पोरं हसतात: ब्रेक तपासायचा सोडून देवीला काय हात जोडता? मला त्यांचं हसू अर्धवट वाटतं. शेजारच्या रेल्वेकडे बघा. 1865 साली हा घाट चढून गाडी इगतपुरीला पोचली. 37 फुटांना एक फूट अशी चढण. उतरणाऱ्या गाडीसाठी तिथे कॅच सायडिंग ठेवलेली. मुख्य मार्गाचा काटा एरवी त्या आडवाटेकडे वळवलेला. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग तिला मुख्य मार्ग मिळायचा. न थांबणारी गाडी आपोआप चढाच्या आडवाटेला जाऊन अडकायची. रेल्वेने विश्वास ठेवलाच नाही, पुरावा मागितला. घाटनदेवी तेच करते, फक्त प्रेमाने. तिच्यासमोर थांबायला ब्रेक मारावाच लागतो. पेडल किती खाली गेलं, गाडी एका बाजूला ओढली का, हे उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर, पायाला कळतं. ज्याला देवीपाशी नीट थांबता आलं नाही त्याने पुढे जाऊ नये, हा माझा तरी भक्तीचा अर्थ आहे. नारळ फोडून पेडलाकडे दुर्लक्ष करणारा माझ्या हिशेबाने नास्तिक.

त्या पोराला मी डिस्क बसवून दिली नाही. वाढीव पाटे काढू म्हटलं तर तो तयार नव्हता. शेजारच्याची गाडी तेवढाच माल नेते आणि आपण कमी न्यायचा म्हणजे भाडं गेलं. शेवटी एक पाटा काढला, लोड व्हॉल्व्हचा दांडा नव्याने जुळवला, ब्रेक ऑइल बदललं. हे ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं. साधं डॉट 3 नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओल प्यायल्यावर 140 च्या आसपास, आणि उकळलं की नळीत वाफ होऊन पेडल थेट जमिनीला टेकतं. बिल बघून तो म्हणाला, ‘काका, यात दिसण्यासारखं काहीच नाही.’ खरंच नव्हतं.

उलट आता मोठ्या कंपन्या ड्रमकडे परत वळताना दिसतात. फोक्सवॅगनने 2020 मध्ये आणलेल्या आयडी.4 या विजेच्या गाडीला मागे ड्रम दिलेत. तिथे मोटरच गाडी हळू करते, ब्रेक क्वचित लागतो, आणि न वापरलेली उघडी डिस्क गंजते. दुसरं कारण धुळीचं. युरोपच्या युरो 7 नियमांनी धुरापाठोपाठ ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही मर्यादा घातली. डिस्क आपली धूळ रस्त्यावर फेकते, ड्रम बरीचशी पोटात ठेवतो. ठेवतो, पण कायमची नाही. उघडतो तेव्हा ती आमच्या तोंडावर येते. पूर्वीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि आम्ही हवेच्या पाइपने ड्रम झटकायचो, शेडभर काळा ढग. आता पोरांना मी हवा मारू देत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, मास्क लावायचा. कटकट वाटते त्यांना.

थांबण्याचीही धूळ असते आणि ती कुणाच्या तरी छातीत जाते, हे नियमात लिहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. बुवांना म्हटलं, आपल्या शास्त्रांनी निग्रह करणाऱ्याचा एवढा विचार केला. त्याच्या निग्रहाची धूळ कोण गिळतं याचा हिशेब कुणी मांडलाय का? मला वाटलं ते रागावतील. ते पान लावत होते. चुना पुसून म्हणाले, ‘एकादशीला तुझी भगर आणि दाण्याची आमटी कोण करतं रे? आणि पोरांचा वेगळा स्वयंपाक?’